घोटणं आणि मिसळणं : तैलचित्रातल्या रंगांविषयी

(कडा, ता. आष्टी, जि. बीड इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



तत्त्वज्ञानाच्या माणसानं रंगांवर बोलावं, आणि तेही कड्यासारख्या बाजारगावात, याचं काहींना नवल वाटेल. पण रंग हा तत्त्वज्ञानाचा जुना विषय आहे. आणि आपण ज्या रंगांबद्दल बोलणार आहोत ते तर आपल्या शेतातल्या बियांतून निघालेल्या तेलात कालवलेले असतात. तेव्हा आम्ही काही परका विषय आणलेला नाही.

विषय असा आहे. तैलचित्रात एक रंग दुसऱ्यात मिसळतो म्हणजे काय होतं? चांगलं मिसळलं, वाईट मिसळलं, हे आपण कशावरून ठरवतो? आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं. आपल्याकडे ‘मिसळणं’ याचा अर्थ ‘घोटणं’ असा धरला गेला आहे. चित्रावर कुठं सांधा दिसू नये, कुंचल्याचा माग दिसू नये, गाल काचेसारखा गुळगुळीत दिसावा, म्हणजे रंग छान मिसळले. या समजुतीनं आपल्या नजरेचं बरंच नुकसान केलंय आणि चित्र काढणाऱ्या पोरांच्या हाताचं त्याहून जास्त.

आता मिसळ म्हटलं की तुम्हाला खायची आठवते. तिचंच उदाहरण घ्या. मिसळीत फरसाण फरसाण राहतं, मटकी मटकी राहते, रस्सा रस्सा राहतो, आणि तरी घास एकच लागतो. हीच मिसळ मिक्सरला लावली तर? तिची चटणी होईल. सगळे घटक तेच, पण मिसळ गेली. चित्रातही हा फरक आहे. आजचं व्याख्यान या फरकाबद्दल आहे.

तेलाचा स्वभाव

आधी साधन समजून घेऊ, कारण साधनाचा स्वभाव न कळता टीका केली की ती हवेत राहते.

जलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. काही मिनिटांचा खेळ. तैलरंगाचं तसं नाही. तैलरंग म्हणजे रंगाची बारीक पूड आणि तेल. हे तेल बहुतेक वेळा जवसाचं. आपल्याकडे जवसाची चटणी प्रत्येक घरात होते, तेच जवस. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. त्याचं वजन सुरुवातीला घटण्याऐवजी थोडं वाढतं. जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी एक चिवट पापुद्रा धरतो, तो तुम्ही पाहिला असेल. तैलचित्र म्हणजे असा पापुद्रा. त्यात रंगाचे कण कायमचे अडकलेले असतात.

शेंगदाण्याच्या तेलाला असा पापुद्रा धरत नाही. ते चिकट राहतं, म्हणून चित्राच्या कामाचं नाही. करडईचं तेल मात्र कामाचं. जवसाचं तेल काळानुसार पिवळट पडतं, करडईचं कमी पडतं, म्हणून पांढऱ्या आणि फिक्या रंगांत पुष्कळदा करडईचं तेल वापरतात. अक्रोडाचं आणि खसखशीचंही चालतं. म्हणजे बघा, ज्याला आपण युरोपातली कला म्हणतो तिच्या पोटात मराठवाड्याच्या रब्बीतली दोन पिकं आहेत.

या सावकाश वाळण्यातून सगळं तंत्र निघतं. रंग तासन्‌तास, काही रंग तर दिवसन्‌दिवस ओला राहतो. अंबर नावाचा मातकट तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो, पांढरा बराच वेळ घेतो. वरून हाताला कोरडं लागलेलं चित्र आतून महिनोन्‌महिने हलत असतं. म्हणून चित्रकारांचा एक नियम आहे : खालचे थर कमी तेलाचे, वरचे थर जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर कडक होतो, खालचा अजून सरकत असतो, आणि चित्राला भेगा पडतात. वरून तडकलेली आणि खाली ओल धरून बसलेली काळी माती आठवा. चित्र तसं दिसायला लागतं.

मिसळण्याचे मार्ग

या तेलात रंग मिसळायचे मुख्य मार्ग कोणते? आम्ही चार सांगतो.

पहिला, फळीवर कालवणं. चाकूनं दोन रंग पॅलेटवर एकत्र करायचे, मग कॅनव्हासवर लावायचे. यात एक धोका आहे. प्रत्येक रंगाची पूड प्रकाशाचा काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. जितक्या पुडी जास्त, तितका गिळलेला प्रकाश जास्त. म्हणून चार-पाच रंग एकत्र केले की चिखल होतो. चित्रकार त्याला ‘रंग मळला’ म्हणतात. पांढरा घालून तो उजळायला गेलं तर खडूसारखा दिसतो.

दुसरा, ओल्यावर ओलं. कॅनव्हासवर दोन ओले रंग शेजारी ठेवायचे आणि जिथं ते भेटतात तिथं कुंचल्यानं ती सीमा हलवायची. मऊ केसांचा कुंचला, पंख्याच्या आकाराचा कुंचला, नाहीतर सरळ बोट. गाल, आकाश, मडक्याची गोलाई यांना हा मार्ग सोयीचा. घोटण्याची सवय इथंच लागते, कारण कुंचला जितका फिरवावा तितकं मऊ होत जातं आणि हाताला थांबावंसं वाटत नाही. भाकरीचं पीठ मळावं लागतं, मळल्याशिवाय भाकरी थापता येत नाही, हे खरं. पण रंगाला मळण्याची एक वेळ असते. ती ओलांडली की प्रकाश आणि सावली दोघी मिळून राखाडी होतात.

तिसरा, थरावर थर. याला ग्लेझिंग म्हणतात. खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा आणि वर भरपूर तेलातला पारदर्शक रंग पातळ पसरायचा. पिवळ्यावर असा निळा पसरला तर हिरवा दिसतो. पण हा हिरवा कालवलेल्या हिरव्यासारखा नसतो. प्रकाश निळ्यातून आत जातो, पिवळ्यावर आपटतो, पुन्हा निळ्यातून बाहेर येतो. म्हणून तो आतून उजळल्यासारखा वाटतो. याचा उलटा भाऊ म्हणजे स्कम्बलिंग : गडद थरावर फिका, अपारदर्शक रंग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं घासायचा, म्हणजे खालचा गडदपणा मधूनमधून डोकावतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावरून गाडी गेल्यावर मागं जी धूळ तरंगते आणि तिच्या पलीकडची झाडं निळसर दिसतात, ते दृश्य रंगवायचं तर याच मार्गानं.

चौथा, शेजार. रंग मिसळायचेच नाहीत. शुद्ध रंगांचे सुटे फटकारे शेजारी ठेवायचे आणि मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं.

आता गंमत बघा. या चारांपैकी फक्त दुसऱ्यात, आणि काही अंशी पहिल्यात, रंग एकमेकांत विरघळतात. तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येक रंग आपापल्या जागी शाबूत असतो. तरीही मिसळ होते. म्हणजे मिसळण्यासाठी विरघळणं आवश्यक नाही. ही साधी गोष्ट आहे, पण आपल्या रूढ अभिरुचीत तिला जागा नाही.

चित्ररूपाचा वाद

हाच प्रश्न आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी घातला होता. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आमच्या पिढीनं कॉलेजात वाचला. त्यात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार मोजले आहेत. पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश म्हणजे पिंगट, आणि सातवा ‘चित्र’. हा चित्र नावाचा रंग काय आहे?

वाद असा. निळ्या, पिवळ्या, तांबड्या धाग्यांचं एक वस्त्र विणलं. धाग्यांचे रंग आपल्याला माहीत आहेत. पण वस्त्राचा रंग कोणता? वस्त्र ही नैयायिकांच्या मते धाग्यांहून वेगळी, एकच वस्तू आहे. आणि रंग हा वस्तूला पूर्ण व्यापून राहतो, अर्धा-कोपरा धरून राहत नाही. मग वस्त्र पूर्ण निळं म्हणता येत नाही, पूर्ण पिवळंही म्हणता येत नाही. बिनरंगाचं म्हणावं तर ते डोळ्यांना दिसलंच नसतं. म्हणून त्यांनी म्हटलं, या वस्त्राला एक स्वतंत्र रंग आहे, चित्ररूप. पुढं रघुनाथ शिरोमणीनं हे नाकारलं. त्याचं म्हणणं, वेगळा चित्ररंग मानायची गरज नाही. एकाच वस्तूत अनेक रंग आपापल्या भागात राहू शकतात, रंगानं वस्तूला पूर्ण व्यापलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

आम्हाला वाटतं, तैलचित्रातले दोन पंथ हेच आहेत. एक पंथ म्हणतो, चित्रभर एकच रंगभाव व्यापून राहिला पाहिजे, सुटा रंग म्हणजे दोष. दुसरा म्हणतो, प्रत्येक रंग आपल्या जागी राहू द्या, एकपण आपोआप दिसेल. कोण बरोबर हे शेवटी ग्रंथात ठरत नाही, कॅनव्हाससमोर ठरतं.

आणि वस्त्राचं उदाहरण आपल्याला लांबून आणावं लागत नाही. पैठण आपल्या मराठवाड्यातलं. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की पदर हलताना रंग बदलतो. धूपछांव म्हणतात त्याला. मोराच्या मानेचा रंग म्हणतो तोही असाच दोन धाग्यांच्या शेजारातून येतो. विणकर काही रंग घोटत नाही. तो धागे शेजारी बसवतो, बाकीचं काम तुमचा डोळा करतो.

युरोपातही हे शास्त्र विणकामातूनच आलं. मिशेल शेवरल हा फ्रेंच रसायनज्ञ पॅरिसच्या गोबलँ या गालिचे-पडद्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तिथं तक्रार आली की काळा रंग फिका दिसतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे काळा तसा दिसत होता. त्यातून शेजारी रंगांच्या परस्परपरिणामाचा त्याचा ग्रंथ १८३९ साली आला, आणि पुढच्या पिढ्यांच्या फ्रेंच चित्रकारांनी तो उचलला. ठिपक्यांनी चित्र काढणाऱ्या सरापर्यंत हा धागा जातो.

आपल्या विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायाभेद दाखवण्याचे, म्हणजे वर्तनेचे, तीन प्रकार सांगितले आहेत : पत्रज, ऐरिक आणि बिंदुज. पत्रज पानांवरच्या शिरांसारख्या रेघांनी, ऐरिक अतिशय सूक्ष्म रेघांनी, बिंदुज ठिपक्यांनी. लक्षात घ्या, गोलाई दाखवायला रेघ आणि ठिपका पुरतो हे इथं गृहीतच धरलेलं आहे. घोटून सांधा पुसावा ही अट त्या परंपरेत नव्हती. ती नंतर आली.

ओलिओग्राफनं काय शिकवलं

ती कुठून आली, हे पाहायचं तर राजा रविवर्म्याकडे जावं लागतं. रविवर्मा (१८४८–१९०६) केरळातला, पण महाराष्ट्राच्या घराघरात त्याचं वास्तव्य झालं. तैलरंगाचं तंत्र त्याला कोणी पाटावर बसवून शिकवलं नाही. त्रावणकोरच्या दरबारात १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार आला होता, त्यानं शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना बघू दिलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. बघून बघून त्यानं ही विद्या उचलली. ही सामान्य गोष्ट नव्हे.

१८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. त्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला देवघरात आणि बैठकीत आल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेला रविवर्मा हा छापलेला रविवर्मा.

आता ही छपाई कशी होत असे ते पाहा, कारण आमचा मुद्दा तिथं आहे. दगडावर चित्र उतरवायचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद अनेक दगडांवरून जायचा. आणि छटा मऊ दिसावी म्हणून दगडावर बारीक ठिपके, दाणे. वरून तैलचित्राचा भास यावा म्हणून वार्निश, कधी कॅनव्हासच्या विणीचा ठसा. ओलिओग्राफ या नावातही तेल आहे, पण ते तेलाचं सोंग होतं. म्हणजे ज्या चित्राला पाहून आपण ‘काय मऊ रंग मिसळलेत’ म्हणत आलो, त्यात रंग घोटलेले नव्हतेच. ते ठिपक्यांचं, शेजाराचं काम होतं. चित्रसूत्राच्या भाषेत, बिंदुज.

हा विरोधाभास आम्हाला महत्त्वाचा वाटतो. छापाईच्या कागदावर सगळं एकाच जाडीचं, एकाच चकाकीचं झालं. मूळ तैलचित्रात जरीचा काठ, मोत्याची चमक, रेशमाची घडी यांना वेगवेगळी वागणूक दिलेली असते. चेहरा आणि दंड यांची कातडी मऊ केलेली, पण दागिन्याचा प्रकाश हा एका फटकाऱ्यात ठेवून सोडून दिलेला, त्यावर कुंचला पुन्हा फिरलेला नसतो. मऊ आणि सुटं यांच्या या ताणातून रेशीम रेशमासारखं दिसतं. छापात हा ताण सपाट झाला. आपण सपाटपणाला कौशल्य समजलो आणि पुढची शंभर वर्षं कॅलेंडरवाल्यांनी, पडदे रंगवणाऱ्यांनी, फोटोवरून तसबिरी करणाऱ्यांनी तेच गिरवलं. दोष रविवर्म्याच्या हाताचा कमी, आपण त्याला ज्या कागदावर पाहिलं त्याचा जास्त.

अजिंठ्याचंही असंच झालं. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तैलरंगात करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पुढं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तैलरंगातच प्रती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतले. यातल्याही पुष्कळ १८८५ च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. या माणसांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. पण प्रश्न विचारलाच पाहिजे. अजिंठ्याची भिंत कोरड्या गिलाव्यावरची, तिथं बाह्यरेषा राज्य करते आणि रंग रेषेच्या आज्ञेत राहतो. तैलरंग रेषेला मऊ करायला बसलेला. त्या भाषांतरात आकृती आली, गोष्ट आली, रेषेचा अधिकार कमी झाला.

त्रिंदाद आणि गायतोंडे

मग आपल्याकडे रंग न घोटता मिसळणारे होते का? होते.

आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५). गोव्यातल्या सांगे इथं जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकले, तिथंच शिकवलं. ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ म्हणून त्यांचा गौरव झाला. त्यांनी आपल्या पत्नीला बसवून काढलेल्या ‘दोल्चे फार निएन्ते’ या चित्राला १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. नावाचा अर्थ, काही न करण्यातला गोडवा. घरातली बाई विसावली आहे, इतकाच विषय. देवी नाही, राणी नाही.

त्रिंदादांकडे आम्ही वळतो ते त्वचेसाठी. आपल्या मुलांच्या रंगपेटीत ‘स्किन’ नावाची एक कांडी असते, तुम्ही पाहिली असेल. फिकट गुलाबी. आष्टी तालुक्यात त्या रंगाचा माणूस दाखवा! उसाला जाणाऱ्या बायकांची, बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवणाऱ्या हमालाची कातडी त्या कांडीत नाही. आणि मुलगा आपल्या आईचं चित्र काढताना ती कांडी उचलतो. रंगाच्या तंत्राचा प्रश्न इथं नुसता तंत्राचा राहत नाही. आपण आपल्याच माणसांना कसे बघतो, याचा होतो.

गव्हाळ-सावळी त्वचा तैलरंगात कशी करायची? पहिली चूक म्हणजे गुलाबीत काळा घालणं. त्यानं सावळेपणा येत नाही, मळकटपणा येतो. भाजलेला सिएन्ना, पिवळी माती, थोडा तांबडा, आणि सावलीत त्यांना विरोधी असा निळसर-हिरवट. हे सगळं एकत्र कालवलं तर राखाडी होईल. म्हणून शेजारी ठेवायचं किंवा एकावर एक पातळ चढवायचं. सावळ्या कपाळावर उजेड पडतो तो पांढरा नसतो, आकाशाचा निळा त्यात असतो. तो एका फटकाऱ्यात ठेवायचा आणि हात उचलायचा. त्रिंदादांची माणसं जवळून पाहिली तर अशा सुट्या फटकाऱ्यांची दिसतात, आणि चार पावलं मागं सरकलं की ती कातडी होते, आणि उबदार होते. मिसळ तुमच्या चार पावलांत होते. घोटलेल्या चित्राला हे पाऊल लागत नाही, जवळून आणि लांबून ते सारखंच. पाहणाऱ्याला त्यात काही काम उरत नाही.

दुसरे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१). नागपूरला जन्म, १९४८ मध्ये जे. जे. ची पदविका, १९७१ मध्ये पद्मश्री. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन केलं. आपल्याला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना पटत नसे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द ते पसंत करत. त्यांच्या चित्रात गाल नाही, आकाश नाही, तेव्हा घोटण्याचं निमित्तच संपलं. ते कुंचल्यापेक्षा रूळ आणि पॅलेट नाइफ जास्त वापरत. रंगाचा थर द्यायचा, रूळ फिरवायचा, चाकूनं खरवडायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे, पुन्हा पातळ थर. वर्षाला मोजकीच चित्रं होत.

इथं मिसळणं म्हणजे काय होतं? काढून घेणं. वरचा थर जिथं उचलला गेला तिथं खालचा बोलतो. दोन थरांमधला वेळ, म्हणजे तेलाला वाळायला लागलेले दिवस, चित्रात दिसतो. ज्याला चित्रात काही ‘ओळखता’ येत नाही म्हणून राग येतो, त्यानं एवढंच करावं : त्या पिवळ्याच्या मागं काय आहे ते शोधावं. हळूहळू डोळा आत जातो. आपल्या विहिरीत सकाळी वाकून बघताना आधी पाण्यावरचं आभाळ दिसतं, मग तळाचा दगड दिसतो, तसं.

एक आक्षेप

आता तुम्ही म्हणाल, मग लिओनार्दोचं काय? मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यात सांधा सापडत नाही. तिथं तर धूर झालाय रंगांचा. त्याला स्फुमातो म्हणतात, आणि जग त्यापुढं मान तुकवतं. बरोबर आहे. पण तो मऊपणा कुंचला घासून आलेला नाही. अतिशय पातळ थर एकावर एक चढवून आलेला आहे, दोन थरांच्या मध्ये वाट पाहून. शिवाय तो सगळीकडे नाही. ओठाच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यात आहे, जिथं भाव ठरत नाही तिथं. म्हणजे मऊपणाला काम दिलेलं आहे.

आणखी जवळचं उदाहरण, सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’. हातात निरांजन घेतलेली मुलगी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. पाहणारे पुष्कळदा त्याला तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. जलरंगात मागाहून घोटायची सोयच नाही, कागद फाटेल. तरी बोटांच्या फटीतून येणारा दिव्याचा लालसर उजेड तिथं आहे. तेव्हा मऊपणाला आमचा विरोध नाही. विचारायचं एवढंच की हा मऊपणा वस्तूनं मागितला होता का? गाल वळतो म्हणून रंग वळला, की हाताला सांधा झाकायचा होता म्हणून? पहिल्यात पाहणं आहे, दुसऱ्यात भीती आहे.

भीती हा शब्द आम्ही विचार करून वापरतो. आपल्याकडे चित्राला सगळ्यात मोठी शाबासकी कोणती? ‘अगदी फोटोसारखं काढलंय!’ या शाबासकीनं मुलाला कळतं की आपला हात दिसता कामा नये. तो फटकारा ठेवतो आणि लगेच पुसतो. मोबाईलवर आता पाहतो ते चित्र तर आणखी गुळगुळीत, पडद्याला पोत नाही, आकार तळहाताएवढा. त्यामुळे गावात बसून शिकणाऱ्या मुलाला मूळ तैलचित्राची जाडी, त्याचा उंचसखलपणा कधी कळतच नाही. तो ज्याची नक्कल करतो ते चित्र नसतं, चित्राचा फोटो असतो. हे नुकसान मोठं आहे, आणि त्याला गरिबीपेक्षा अभिरुची जास्त जबाबदार आहे.

काय करावं

उपदेश थोडक्यात. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या ‘स्किन’ कांडीला एक वर्ष सुट्टी द्यावी. मुलांना तीन-चार रंगच द्यावेत, आणि एकमेकांचा हात समोर धरून त्याचा रंग शोधायला लावावा. ज्यांना तैलरंग परवडत नाहीत त्यांनी पोस्टर रंगात शेजारचा मार्ग शिकावा, त्याला तेल लागत नाही.

आणि मूळ चित्रं पाहावीत. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात, जे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं, रविवर्मा आणि धुरंधर मूळ रंगात भेटतात. पणजीला फुंदासाव ओरिएन्तमध्ये त्रिंदाद आहेत. आपल्या कड्याला आता रेल्वे आली आहे. इथून गाडी अहिल्यानगरला पोचवते, तिथून पुढं कुठंही जाता येतं. लग्नाला, यात्रेला आपण जातोच, एकदा चित्राला जाऊ. गेलात की एक करा. आधी चित्राच्या इतकं जवळ उभं राहा की चित्र दिसेनासं होईल, नुसता रंग दिसेल. मग एकेक पाऊल मागं या. कितव्या पावलाला रंगाचं माणूस झालं ते मोजा. ज्या चित्रात हे पाऊल सापडत नाही, तिथं रंग मिसळलेले नाहीत, नुसते घोटलेले आहेत, असं खुशाल समजा. अपवाद निघाले तर आम्हाला जरूर कळवा. आम्हाला आनंदच होईल, कारण नियमापेक्षा चित्र मोठं.

रघुनाथ शिरोमणी आणि त्याचे विरोधक यांचा वाद आम्ही मिटवू शकलो नाही. पण आमचा कल तुमच्या ध्यानात आला असेल. निळा निळा राहावा, पिवळा पिवळा राहावा, आणि तरी वस्त्र एक असावं. हे अशक्य नाही. पैठणीत रोज होतं.

फार वेळ घेतला. आता प्रश्न विचारा, आणि अवघड विचारा.